शंभराव्या रात्रीचा साक्षीदार

त्या करवंट्या जरा खाली ठेवा रे. यांगोना काही पळून जात नाही, प्यायला अख्खी रात्र पडलीय, परात भरलेली आहे. ही गोष्ट माझ्या भाचीची, उनाइसीची. उगाच ऐकीव नाही. कागद मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलाय. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

ऑगस्टची एकोणीस तारीख, मंगळवार. उनाइसी पहाटेच्या बसनं राजधानीला, सुवाला निघाली, लष्करी कागदपत्रांच्या कचेरीत. डब्यात उकडलेला कसावा आणि पिशवीत बापाच्या चाळीस वर्षांच्या अर्जांच्या नकला. बाप म्हणजे माझे मेहुणे, थोरले पेनाया. मे महिन्यात गेले. त्या दिवशी त्यांची शंभरावी रात्र होती, सुतक फिटायची. त्याच्या आत कागद दुरुस्त करून आणीन, असं पोरगी त्यांच्या थडग्यावर हात ठेवून बोलली होती.

कागदावर काय होतं? पळपुटा! लेबनॉनमध्ये शांतिसेनेत असताना, तोफा चालू असताना, चौकी सोडून पळाला म्हणे. म्हणून पदक नाही. मयतीला झेंडा नाही. गावात सैनिकांच्या नावांचा दगड आहे ना, त्यावर नाव नाही. शाळेत पोरं उनाइसीच्या मागे ओरडायची, "पळपुट्याची पोर!" मेहुणे जन्मभर लिहीत राहिले, 'तो मी नव्हे.' मग कोण, ते मात्र त्यांनी एकदाही लिहिलं नाही.

कचेरीतल्या कारकुनानं मान वर न करताच विचारलं, "वडील वारले ना, बाई? मग आता कशाला उकरून काढताय?"

"मेलेल्या माणसाला अब्रू नसते का, साहेब?"

त्यानं वैतागून फाईल तिच्याकडे ढकलली. पळून गेलेल्या शिपायाबद्दलचा मूळ अहवाल तिनं पहिल्यांदाच पाहिला. वर्णनात लिहिलं होतं: डाव्या कानाची पाळी तुटलेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचे दोन्ही कान धडधाकट होते! तुटका कान धाकट्या पेनायाचा, बापाच्या चुलतभावाचा, नावभावाचा. दोघांना एकाच आजोबांचं नाव, दोघे एकाच तुकडीत. आणि आपल्यात कसं, तुम्हाला ठाऊक आहे. नावभावाची लाज ती आपली लाज, जीव गेला तरी त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. कचेरीनं एकाची करणी दुसऱ्याच्या नावावर चढवली, आणि थोरल्यानं तोंड शिवून घेतलं. धाकट्यानं काय केलं? दर नोव्हेंबरात, सैनिकांच्या स्मरणाच्या दिवशी, थोरल्याच्या हक्काचं पदक छातीवर लावून चर्चमध्ये पहिल्या बाकावर! चोर तो चोर, वर शिरजोर.

"हे चाळीस वर्षं कुणी वाचलंच नाही?" उनाइसी ओरडली.

"आवाज खाली. दुरुस्तीला दोन सह्या लागतील. एक त्याची, ज्यानं केलं त्याची. दुसरी त्याच तुकडीतल्या साक्षीदाराची."

"त्या तुकडीतलं आता कोण उरलंय, साहेब?"

"मग जा, कबरीतून उठवून आणा," म्हणाला. आणि हसला हो, मेला!

ती परत आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. सगळं गाव मेहुण्यांच्या घरी जमलेलं. आणि मयताच्या चटईवर, रीतीप्रमाणं, नावभाऊ बसलेला. पदक लावून. उनाइसीनं दात आवळले आणि सगळ्यांना वाढलं. एक वाजेपर्यंत माणसं पांगली. मीही गेलो, चुकलं माझं. खोलीत दोघंच उरली.

तिनं कचेरीतून आणलेला दुरुस्तीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. "सही करा, काका."

त्यानं वाचला. "जिवंत माणसाची अब्रू घालवतेस?"

"आणि त्यांची?"

"त्यानं कधी तोंड उघडलं? मग तू कोण गं टिकोजीराव? भर ती करवंटी."

तिनं रागानं भरली. तो प्यायला, करवंटी खाली ठेवली. पिऊन झालं की तीन टाळ्या वाजवायच्या, ही आपली रीत. त्याचे हात गुडघ्यांवरच होते.

तीन टाळ्या वाजल्या.

दारातून.

"कोण आहे?" धाकट्यानं विचारलं.

कुणी नव्हतं. अंगणात चांदणं... कुत्रंसुद्धा नाही.

"भर अजून," तो म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता. तिनं भरली. काठोकाठ. दोघांमध्ये कागदाजवळ ठेवली. दोघांची नजर दाराकडे...

वळून पाहिलं.

करवंटी रिकामी.

दिवा चालू होता. दोघांनीही हात लावला नव्हता.

तीन टाळ्या. या वेळी जवळून. त्याच चटईवरून. त्याच्या अगदी शेजारून.

धाकट्यानं शेजारी न बघताच कागद जवळ ओढला.

"दादा..."

...

"मी भ्यालो होतो, दादा. तू माझाही पहारा दिलास. मला... मला ठाऊक होतं सगळं."

त्यानं सही केली. पदक काढून चटईवर ठेवलं. आणि गेला. पाठीमागे न बघता.

उनाइसीनं तांबडं फुटेपर्यंत कागदाला हात लावला नाही. उजाडल्यावर उचलला. साक्षीदाराची ओळ भरलेली होती.

त्याच सकाळच्या बसनं ती पुन्हा कचेरीत. कारकुनानं सही पाहिली. जुन्या अर्जांवरची पाहिली. पुन्हा ही पाहिली.

"वडील कधी वारले म्हणालात?"

"मे महिन्यात."

"मग ही तारीख... ही तर आजची आहे."

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, कबरीतून उठवून आणा? आणला! आता शिक्का मारा. चाळीस वर्षं तुमच्या दारात उभा आहे तो माणूस."

त्यानं शिक्का मारला. नोव्हेंबरात दगडावर नाव कोरलं, थोरल्याचं. झेंडाही आला, उशिरा. लाज वाटली असेल.

परवा मी सुवाला गेलो होतो तेव्हा तो कागद मुद्दाम पाहून आलो. साक्षीदाराच्या सहीशेजारी एक गोल डाग आहे, करवंटी टेकवल्याचा. कारकून तो कागद फायलीत ठेवत नाही. टेबलाच्या एका कोपऱ्यात, उघडाच ठेवतो. का, म्हणून मी विचारलं.

म्हणाला, "फायलीत ठेवला की वरचे कागद भिजतात."