कोशात नसलेला चेहरा

सकाळचा दुसरा चहा पुढ्यात आला की अण्णा भिंतीकडे बघायचे आणि विचारायचे, "ही बाई कोण टांगलीय आपल्या घरात?"

"आई आहे ती, अण्णा."

"तू म्हणतेस तर असेल." आणि ते बशीतला चहा फुंकायला लागायचे.

गेलं वर्षभर हे असं चाललं होतं. पुष्पलताबाई गेल्या, शलाका पुण्यातली नोकरी सोडून फलटणला वडिलांजवळ येऊन राहिली, आणि बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर आईचं चित्र लागलं. डॉक्टरांनी अण्णांना विस्मरणाच्या गोळ्या सुरू केल्या. वय ऐंशीच्या घरात, त्यात बायको गेलेली; कुणालाच नवल वाटलं नाही. शलाकाला मात्र एक गोष्ट खटकत होती. अण्णांना दूधवाल्याचे खाडे तारखेनिशी आठवत. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी फ्लॅशनं दगा दिला, हे नवरदेवाच्या नावासकट आठवे. माणूस सगळं जग लक्षात ठेवतो आणि नेमका एकच चेहरा विसरतो, असं कसं?

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते. त्या दिवशी पडदा नको, हार घालता येईल असा कागदावरचा फोटो हवा, असं तिच्या मनात आलं. घराखालीच 'नेवसे फोटो' हा अण्णांचा स्टुडिओ होता, बरीच वर्षं बंद असलेला. तिनं शटर वर केलं. अण्णाही मागोमाग उतरले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले.

खोक्यांमधून जुने फोटो निघत गेले. बारसं, महाबळेश्वरची सहल, कुणाकुणाच्या मुंजी. एका फोटोत आई हिरव्या साडीत अगदी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. गाल तुळतुळीत, कपाळ आरशासारखं.

"हा छान आहे," शलाका म्हणाली.

"छान असणारच. मी केलेला आहे तो."

"म्हणजे, काढलेला?"

"काढलेला नव्हे, केलेला. शिसं भरलेला." अण्णांचा आवाज एकदम कामातल्या माणसाचा झाला. "तोंडावर खड्डा असला की त्याची सावली पडते. निगेटिव्हवर ती जागा काचेसारखी आरपार दिसते. तिथं टोकदार पेन्सिलीनं शिसं भरायचं. छापताना खड्डा उजळतो आणि गालात मिसळून जातो. तुझ्या आईचे सगळे फोटो मी असेच भरलेत. अगं, लग्न जमवायला फोटो हवा म्हणून तिचे वडील तिला माझ्याकडंच घेऊन आले होते. तीन दिवस भरत बसलो. म्हटलं, एवढी मेहनत दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवायची?"

ते हसले. शलाका हसली नाही.

"पण खड्डे कसले, अण्णा?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की विस्मरण नक्की कुणाला झालंय असा प्रश्न पडावा. "देवीचे वण. लहानपणी आल्या होत्या ना तिला."

शलाका खोक्यावरच बसली. जिथं रोज हळदकुंकवाचं बोट टेकायचं, त्या आईच्या चेहऱ्यावर वण? बावीस वर्षं ती त्या चेहऱ्यासमोर बसून जेवली होती. तिनं डोळे मिटले आणि आईला आठवून पाहिलं. आली ती भिंतीवरचीच. वण होते असं म्हटलं की होते असं वाटे. नव्हते म्हटलं की नव्हते. पुण्याला गेल्यापासून आई तिला भेटायची ती मुख्यतः फोनच्या पडद्यावर, रोज रात्रीच्या जेवणाआधी. दिवाळीला शलाका दोन दिवस घरी यायची खरी, पण तेव्हा आई स्वयंपाकघरात असायची आणि हिचं लक्ष फोनमध्ये.

अण्णांनी पेन्सिल न लावलेला एकही फोटो घरात नव्हता. आणि पेन्सिलीनंतरच्या काळातले, डिजिटल कॅमेऱ्यातले हजारो फोटो? ते आता सारचित्रं झाले होते.

जगभर तेच झालं होतं. सारचित्र म्हणजे फोटोचा अर्क. प्रत्येक फोन, प्रत्येक पडदा आपल्या पोटात एक रूपकोश बाळगून होता. दिसू शकणाऱ्या यच्चयावत गोष्टींचा जणू शब्दकोशच. गाल, पानं, भिंती, ढग, सगळ्यांना त्यात क्रमांक. फोटो काढला की फक्त ते क्रमांक आणि थोड्या खुणा साठवायच्या. बघायच्या वेळी पडदा कोशातून चित्र नव्यानं उभं करणार. एका फोटोच्या जागेत हजार मावू लागले. साठवणीवर जळणारी वीज वाचली, म्हणून सरकारनंही पाठ थोपटली. मग एक दिवस स्टुडिओच्या नावानं सूचना आली: आपला सारा जुना संग्रह सारचित्रांत बदलला जाईल, मूळ प्रती ठेवायच्या आहेत का? अण्णांना त्यातलं काही समजेना, म्हणून शलाकानं पुण्याहून, जेवता जेवता, त्यांच्या वतीनं उत्तर दिलं होतं. 'नको.'

वास्तविक या घरात त्यावरून एकदा वाद झाला होता. जेपीईजीच्या जमान्यात अण्णा प्रत्येक फोटोची कच्ची फाइलही ठेवायचे, कॅमेऱ्यावर पडलेला सगळा उजेड जसाच्या तसा साठवलेली. त्या फाइली कॉम्प्युटर भरून टाकत. "अण्णा, कशाला हवा हा पसारा?" ती वैतागायची. अण्णा म्हणायचे, "पिठाची भाकरी होते. भाकरीचं पीठ करून दाखव, मग मी पसारा आवरतो."

आता तिनं एकेक कपाट उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी, दिव्यांच्या स्टँडांमागे ठेवलेल्या एका बंद कॅमेऱ्यात कार्ड सापडलं. ते तसंच रुमालात गुंडाळून ती इलाही मुजावरकडे गेली. जुने कॉम्प्युटर जिवंत ठेवणारा गावात तो एकटाच होता. नेवसे स्टुडिओचं मशीन बंद पडलं की पूर्वी तोच यायचा.

"ताई, हे उघडायला कोश नसलेला लॅपटॉप लागेल," तो म्हणाला. "नव्या मशीनला हे कार्ड दाखवलंत तरी ते घास घेतं आणि चावून त्याचं सारचित्रच करून ठेवतं." आणि त्यानं एक इतका जाडजूड लॅपटॉप काढला, की शलाकाला तो एखाद्या दप्तरासारखा वाटला.

कार्डावर एकच फाइल होती. ती हळूहळू, वरून खाली उलगडत गेली. फिकट, करडी, जीव नसलेली. कच्च्या फाइली अशाच दिसतात. रंग नंतर चढवायचे असतात. आधी केस दिसले. मग कपाळ. मग शलाकानं झटकन मान फिरवली.

एक अनोळखी बाई तिच्याकडे बघत होती.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर, भुवईच्या वर खोल खड्डे. कातडी जिवंत, जाडीभरडी, ठिकठिकाणी सावल्या धरलेली. आपल्याला आपल्या आईची भीती वाटतेय, हे समजायला तिला काही क्षण गेले. मग तिनं पुन्हा पाहिलं. डाव्या डोळ्याजवळ हसण्याआधीची ती बारीकशी घडी. बस्स, तेवढ्यानं ओळख पटली. आणि त्या चेहऱ्याभोवती वर्षानुवर्षांचा आवाज, वास, राग, सगळं भराभर येऊन बसलं.

"कोशात हे का नाही?" तिनं विचारलं.

"कसं असेल? कोश बनला तो लोकांच्या फोटोंवरून. देवीची साथ देश सोडून गेली त्याला साठ वर्षं झाली. असे चेहरे उरलेत किती? लाखात एखादा. कोशाला वाटतं, ही फोटोतलीच घाण आहे. तो जवळात जवळचा गाल काढतो आणि बसवून देतो." इलाहीनं खांदे उडवले. "वाईट हेतू काही नाही, ताई. जे फार कमी दिसतं, ते त्याला चूक वाटतं."

शलाका पुन्हा त्या फोटोकडे वळली. मग म्हणाली, "आणि रंग? समजा, माणूस आजारी आहे. पिवळं पडलंय."

"व्हिडिओ कॉलवर? उजेड सारखा बदलतो ना, म्हणून कोश चेहऱ्याचा रंग नेहमीच्या रंगावर आणून ठेवतो. गाल बसले असले तर तेही थोडे..." तो बोलता बोलता थांबला. तिच्या आईला काय झालं होतं, ते गावात सर्वांना ठाऊक होतं.

अण्णांनी सांगितलं होतं. शेवटच्या दोन महिन्यांत तीनदा फोन करून सांगितलं होतं, "हिचा रंग मला बरा दिसत नाही. पिवळी पडलीय. तू ये." आणि शलाका म्हणाली होती, "आत्ताच बोलले मी तिच्याशी, छान दिसतेय. अण्णा, तुम्ही चष्मा बदला." आईही म्हणायची, मी बरी आहे, तुझं काम सोडून येऊ नकोस. शलाका अखेर पोचली तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळे मिटलेले होते. ते पुन्हा उघडले नाहीत.

स्टुडिओतला जुना प्रिंटर कोशाच्या आधीचा होता. त्याची शाई सुकली होती. इलाहीनं येऊन दुपारभर खटपट केली, तेव्हा कुठं एक प्रिंट निघाली. कडेला एक पांढरी रेघ होती, पण चेहरा पुरा होता. शलाकानं ती अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाशी धरला. त्यांचं नख एकेका खड्ड्यावर टेकत गेलं, जणू हजेरी घेत होते. "कपाळावरचा एक. हे दोन जुळे. हा हनुवटीचा, ह्यानं फार छळलं मला, कितीही शिसं भरा, वर यायचाच..." शेवटच्या वणावर नख थांबलं. "सगळे आहेत," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या पडद्याकडे बोट करून, "त्या बाईला आता उतरव," असं सांगून त्यांनी चहा मागितला.

वर्षश्राद्धाला तारामावशी इंदूरहून आल्या. पुष्पलताबाईंपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. सोबत मुलगा निरंजन. चौरंगावरचा फोटो बघून मावशी दारातच थबकल्या.

"हे काय गं? पुष्पीचा चांगला फोटो मिळाला नाही तुला?"

"हाच खरा आहे, मावशी. तिला देवी आल्या होत्या ना लहानपणी?"

"कुणाला, पुष्पीला? काहीतरीच! तिचं तोंड म्हणजे नुसतं लोणी. गावात दृष्ट लागायची."

"कोश नसलेल्या मशीनवर काढलाय हा. कच्च्या फाइलवरून."

"हल्ली काय वाट्टेल ते बनवतात," निरंजन म्हणाला. त्यानं फोन काढून चौरंगावरच्या फोटोचा फोटो घेतला आणि पडदा सगळ्यांसमोर धरला. तिथं आई होती. गोरीपान, नितळ, हार घातलेली. कडेची पांढरी रेघसुद्धा गेली होती. "बघ, फोनमध्ये बरोबर येतंय. तुझ्या प्रिंटमध्येच घोळ आहे." जमलेल्या चारचौघींनी माना डोलावल्या. एकजण तर हळूच म्हणाली, बिचारीचं अजून डोकं ठिकाणावर नाही. ही बिचारी म्हणजे आपण, हे शलाकाला उमगलं.

एका खोलीत दहा पाहुणे होते, दहाही जणांनी त्या बाईच्या हातचं खाल्लं होतं, आणि त्यांतल्या एकालाही तिचा चेहरा आठवत नव्हता. कोपऱ्यात अण्णा आपले शांतपणे सुपारी कातरत होते. त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी नव्हतं. आणि पहिल्यांदाच शलाकाला जाणवलं, की तिचीही साक्ष आता त्यांच्याइतकीच, म्हणजे शून्य मोलाची आहे.

पानं उठली. माणसं पांगली. निरंजन गाडी बघायला गेला. शलाका भांडी आवरून बाहेर आली, तर मावशी चौरंगासमोर एकट्या बसल्या होत्या. पाठ अर्धवट तिच्याकडे होती. त्यांचा उजवा हात उचलला गेला होता आणि एक बोट फोटोवर, भुवईच्या वरच्या खड्ड्यावर टेकलं होतं. डोळे मिटलेले होते.

"मावशी?"

"पाच वर्षांची होती," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "अंगाची आग व्हायची. खाजवू नये म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून बसायचे. कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घालायचे. हा एक मात्र मी जरा उठले तेवढ्यात तिनं ओरबाडला. आईनं मला मारलं होतं त्यावरून." बोट त्या खड्ड्याच्या कडेनं गोल फिरलं. "मला कसं आठवलं नाही गं? बोटाला आठवतंय, आणि मला आठवत नाही?"

शलाका त्यांच्या शेजारी बसली. तिनं इलाहीनं सांगितलं ते सगळं सांगितलं. वणांचं, आणि मग रंगाचंही. मावशी ऐकत राहिल्या.

"गेली आठ वर्षं रोज दुपारी चार वाजता आम्ही व्हिडिओवर बोलायचो," त्या अखेर म्हणाल्या. "शेवटच्या आठवड्यात मी तिकीट काढलं होतं. तिला बघितलं, टवटवीत दिसली, म्हटलं सावकाश जाऊ. रद्द केलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'ताई, तू जराही म्हातारी झाली नाहीस.' मी म्हटलं, चल, चेष्टा करू नकोस. गेली सहा वर्षं माझं अर्धं तोंड वाकडं आहे, शलाके. लकव्यानं. तिला कळू दिलं नव्हतं मी. पण मनातून वाटायचं, दिसत तर असेलच ना, दिसूनही बोलत नसेल."

शलाकानं चमकून वर पाहिलं. खरंच मावशींचा डावा गाल ओघळलेला होता, ओठाचं टोक खाली आलेलं. सकाळपासून त्या इथं होत्या, आणि तिनंही ते आत्ता पाहिलं.

बाहेर निरंजननं हॉर्न वाजवला. मावशी उठल्या नाहीत.

"मी तिला पाहिलं नाही, ते माझं नशीब," त्या म्हणाल्या. "तूही पाहिलं नाहीस. पण डोळे मिटायच्या आधी तिनं फोनवर आपल्याला पाहिलं होतं ना गं? तिला वाटलं, ताईला पाहिलं, लेकीला पाहिलं. मग तिनं पाहिलं ते कुणाला?"