पपईवाल्याची कॅलाथिया

ठिबकच्या दुकानाचा पत्ता विचारायला तो थांबला, आणि माझ्या रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली वाकून बघतच राहिला. शहाद्यातली भर उन्हाळ्याची दुपार. जाळीखाली मात्र ओल्या कोकोपीटचा वास.

"हाई पान कोनी रंगाडं?"

"कोणी नाही. कॅलाथिया आहे. उपजतच नटलेली."

तो हसला. नवनीत, ब्राह्मणपुरीचा. पपईची बाग. पत्ता विसरला आणि कुंडी घेऊन गेला. मी बजावलं होतं — घरात ठेवा, ऊन नको, खत नको.

थोड्याच दिवसांत परत! पानांच्या कडा करपलेल्या.

"काय केलंत हिला?"

"काही नही... पपईले युरिया दिधा, तवय हिलेबी थोडासा दिधा. आन् वावरमा ठेवी."

"वावरात? उन्हात?"

"माले वाटनं, घरमा एकली कंटाळी जाई..."

हसू आवरेना. दुसरी दिली, तीही गेली. मग तिसरी. दर वेळी तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, करपलेली कुंडी छातीशी धरून. मीही त्या दिवसांत वेणी जरा निगुतीनं घालायचे.

तिसरीची माती चाचपली — खडखडीत. बागायतदार पाणी द्यायला विसरतो?

"हे मुद्दाम ना?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ती बरी ऱ्हाती, ते मी कसा येतू?"

गोड वाटलं... आणि रागही आला. एकेक पान मी ओल्या फडक्यानं पुसते.

"तुमच्या येण्यासाठी माझं झाड मरायचं? आता एकही कुंडी मिळणार नाही. जा!"

गेला. आलाच नाही. त्याचा नंबरही मी कधी घेतला नव्हता. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की हातातलं फडकं थांबायचं. पुन्हा येईल तरी कशाला? निमित्त तर मीच काढून घेतलेलं.

एका दुपारी तो आला. रिकाम्या हातांनी.

"आज काय बिघडलं?"

"काहीच नही." तो शर्टाची बाही ओढत म्हणाला, "तुमले देखाले उनू... बस."

मी फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. मग गिऱ्हाइकाशी बोलायची भाषा सोडून, त्याच्यासारखंच घरच्या अहिराणीत म्हटलं, "ऐतवारले तुन्ही मायले संगे लई ये."

"मायले? काबरं?"

"मन्ही मायले देखनं शे, झाडे कोन मारी टाकस ते."

त्याला उमगायला जरा वेळ लागला. उमगलं, तेव्हा मोटरसायकल चालू न करताच तो ती ढकलत निघाला.