मागची खुर्ची

“डावी टाच झिजलीये तुमच्या चपलेची... म्हणून घसरलात.”

जिन्यात मला सावरणाऱ्या माणसाने पहिलं वाक्य हे बोलावं? मी फणकाऱ्याने म्हटलं, “चपलांचं दुकान आहे का तुमचं?”

“नाही. पाय बनवतो मी. ज्यांचे गेलेत, त्यांच्यासाठी.”

माझा राग तिथेच विरघळला. थोड्याच वेळात तोच माणूस माझ्या टेबलासमोर येऊन बसला — अशील म्हणून! त्याचा कामाचा परवाना संपत आला होता. मुदत वाढली नाही, तर त्याला हा देश सोडावा लागणार होता... आणि कितीतरी माणसांचे पाय साच्यातच अडकणार होते.

हे ऑफिस माझ्या आत्याचं. बाहेरून आलेल्या माणसांना इथे राहण्याची परवानगी मिळवून द्यायची, हे आमचं काम. आत्याचा नियम एकच : मुलाखतीत खरं बोलायचं, आणि विचारलं तेवढंच. तो धडा मी त्याच्याकडून घोटून घेत होते, पण तो पडला बोलघेवडा.

“हवा कशी आहे, विचारलं तर?”

“छान आहे. बस्स.”

“आणि सल्लागार कशी आहे, विचारलं तर?”

“असं कुणी विचारत नाही!” मी कागदांत डोकं खुपसलं.

तो गेल्यावर आत्या खाकरली. “फाइल उघडी आहे तोवर तो अशील आहे. लक्षात आहे ना गं?”

“आहे गं आत्या...” मी म्हटलं खरं.

मुलाखतीच्या खोलीत अशील पुढे बसतो, सल्लागार मागच्या खुर्चीत. मध्ये बोलायचं नाही, खुणा तर मुळीच नाहीत. मला दिसत होते फक्त त्याचे कान.

कामाबद्दल तो नेमकं बोलला. मग अधिकारी बाईंनी विचारलं, “इथे तुमचं जवळचं कुणी आहे?”

अर्जात लिहिलं होतं, नाही. तेवढंच बोल रे...

“अजून... नाही.”

बाईंचं पेन थांबलं. “अजून म्हणजे?”

“एकीला विचारायचंय. पण परवानगी मिळाल्यावरच. आधी विचारलं, तर तिला वाटेल मी परवानगीसाठीच विचारतोय.”

त्याचे कान लालबुंद झाले होते. माझे कसे झाले होते, ते बाईंनीच पाहिलं असेल. “सल्लागारांना काही सांगायचंय?”

मी उभी राहिले. त्याने बनवलेल्या पायांवर चालणाऱ्या माणसांबद्दल बोलले. फक्त कामाबद्दल, माझ्याबद्दल एक अक्षरही नाही.

परवानगी आली, त्या दिवशी आत्याने स्वतः फाइल बंद केली आणि उगाचच बाहेर निघून गेली. तो आला. “आभार मानायला आलोय. आधी डावी चप्पल द्या.”

खाली बसून त्याने टाचेला चामड्याचा तुकडा बसवला, अगदी मन लावून. मग मान वर न करताच म्हणाला, “माझी होशील?”

“हो.”

“बस्स? एवढंच?”

“विचारलं तेवढंच.” पण मला राहवेना. “आभार तर मीच मानायला हवेत. त्या दिवशी तू एकदा जरी मागे वळून पाहिलं असतंस ना... मला एक शब्द बोलता आला नसता.”

“माहीत होतं,” तो म्हणाला. “म्हणूनच नाही पाहिलं.”