शिपाई पोलादचा डावा पाय

२०१८ सालचा मे महिना होता. त्या वर्षी रायपूरचं ऊन असं होतं की बुढा तालाबाच्या काठावरची कुत्रीसुद्धा सकाळी दहानंतर भुंकायचा कंटाळा करत. माणसं तर काय, नुसती सावली शोधत फिरत.

तलावाजवळच्या बुढापारा वस्तीत मेश्रामांच्या पुढच्या खोलीत मात्र एक सात फुटी सैनिक फरशीवर उताणा पडला होता. खाकी कागदाचे तुकडे चिकटवून केलेला. अर्धा माणूस, अर्धं यंत्र. अशाला सायबोर्ग म्हणतात, हे मंडळाच्या सूचनाफलकावरच लिहिलं होतं. मराठी मंडळाने सुट्टीत स्पर्धा ठेवली होती: विज्ञानकथेत शोभेल असा भविष्यातला सैनिक तयार करा, चित्र पूर्ण मापाचं हवं, रविवारी दहाच्या आत आणून द्या.

तेरा वर्षांची रुचिता, तिचा धाकटा भाऊ अश्विन आणि वर्गातली गंधाली, तिघं एप्रिलपासून त्याच्यामागे लागली होती. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं शिपाई पोलाद.

"याले झोप नाही, भूक नाही, तहान नाही," रुचिता वहीतून वाचत होती. "डाव्या डोळ्यात दुर्बीण. उजव्या हातात दोर फेकायचं यंत्र. छातीत बॅटरी. पोलाद कधीच थकत नाही."

"और बॅटरी चार्ज कब होगी?" अश्विनने विचारलं. त्याला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदीच यायची.

"चालता चालता," गंधाली म्हणाली.

"हाँ. मोबाइल चलते चलते चार्ज नहीं होता, ये होगा," अश्विन म्हणाला.

तेवढ्यात दारात आबा आले. भैय्यालाल मेश्राम, रुचिताचे आजोबा. पंधरा वर्षं फौजेत होते. घरी परतल्यावर काही वर्षांनी शहराबाहेर सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रकने धडक दिली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून नकली पाय लावून ते सिलतऱ्याच्याच एका कारखान्याच्या फाटकावर दिवसाची ड्यूटी करत. खुर्चीवर बसायची ड्यूटी नाही, दर तासाला कुंपणाला फेरी मारायची.

ते खाटेवर बसले, पट्टा सोडला, पाय काढून भिंतीला टेकवला आणि डोळे मिटले. एका महिन्यात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"आबा, पाणी देऊ?"

"दे पोरी. आणि तुह्या त्या पोलादले बी विचार, कोणाले पाहिजे असा न थकणारा शिपाई? त्याले सुट्टी कोण देईल?"

आजीने, म्हणजे अंजनाबाईंनी, आतून आवाज दिला, "सोमवारचं सांगा न पोट्ट्याइले. लपवून काहून राहिले?"

आबांनी सांगितलं नाही. मग आजीनेच सांगितलं. कारखान्याचा ठेकेदार सोमवारी येणार होता. आबा हल्ली फेरीत मागे पडतात, मध्येच बसतात. ठेकेदारासमोर पूर्ण फेरी मारून दाखवायची, नाही जमली तर मंगळवारपासून घरी. पेन्शन होती, पण पोरांचे आईवडील गेल्यापासून घर चालायचं ते या ड्यूटीवर.

"वय झालं," आबा म्हणाले. "थकलो मी. त्यात नवीन काय?"

रुचिता कागदावर ओणवी झाली. पोलादचा डावा पाय तेवढा रंगवायचा राहिला होता. एप्रिलमध्ये आबांचाच पाय, बूट काढून, कागदावर आडवा ठेवून तिने भोवतीने पेन्सिल फिरवली होती. आता पट्ट्याचे खिळे नीट बघून काढावेत म्हणून तिने बूट काढून तो पाय पुन्हा त्या रेषेवर ठेवला.

पाय रेषेला पुरला नाही.

वरचा काठ जुळवला तर टाच दोन बोटं आत राहत होती.

"तूने ही गलत ड्रॉ किया होगा," अश्विन म्हणाला.

"मी काढलाच नाही. त्याच्याच भोवती पेन्सिल फिरवली. हे पहा, टाचेपाशी पेन्सिल घसरली होती, तो डाग बी आहे."

गंधालीने आजीच्या शिवणाच्या डब्यातून टेप आणला. कागदावरचा पाय एक्केचाळीस सेंटिमीटर. खरा पाय अडतीस.

"आबा," रुचिताने हळूच विचारलं, "दुरुस्तीहून आणल्यापासूनच थकून राहिले न तुम्ही?"

एप्रिलच्या शेवटी मंडळाने नकली पायांचं शिबिर घेतलं होतं. जुने पाय एक दिवस ठेवून घ्यायचे, आत नवं अस्तर, बाहेर नवा रंग, दुसऱ्या दिवशी परत. सगळे पाय एकाच रंगाचे झाले होते.

"चावत होता," आबा म्हणाले. "मी शिबिरातल्या प्रमोदिनीबाईले सांगितलं. त्या म्हणे, नवीन अस्तर आहे, आठ दिवस चावेलच. मग मी दोन मोजे घालू लागलो."

"आठ दिवसांचा महिना झाला, आबा."

"फौजेत तक्रार करायची सवय नसते पोरी."

दुसऱ्या दिवशी शनिवारी तिघं मंडळात गेली. चिटणीस अच्युतराव पंख्याखाली पेपर तोंडावर घेऊन बसले होते. शिबिराची वही बघायची आहे म्हटल्यावर त्यांनी पेपर अर्धाच खाली केला.

"वही पोरांना दाखवायची नसते. अकरा पाय आले, अकरा परत गेले. फोटो छापून आलाय. उन्हात कशाला वणवण करता, घरी जा."

रुचिताचा चेहरा पडला. गंधाली मात्र जागची हलली नाही. ती अच्युतरावांच्या गल्लीतलीच, त्यांना पुरती ओळखून होती.

"काका, फोटो तर दाखवाल? आमच्या चित्राशेजारी शिबिराचा एक मोठा फोटो लावावा म्हणतोय. खाली तुमचं नाव."

पेपर पूर्ण खाली आला. अच्युतरावांनी मोबाइल काढला. दीपप्रज्वलन, हार, भाषण, पुन्हा हार. तिघं मान डोलावत बघत राहिली. एका फोटोवर अश्विनने बोट ठेवलं.

"काका, थोडा बडा करो."

सभागृहात गणपतीसमोर लांब टेबल, त्यावर अकरा पाय ओळीने. सगळे अनवाणी. मागे दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीत बूट, आणि प्रत्येक बुटाच्या नाडीला पांढरी चिठ्ठी.

"बूट काहून काढले?" रुचिताने विचारलं.

"म्हणजे काय? सभागृहात गणपती आहे. पायताण आत न्यायचं नाही, हा नियम आहे. मी स्वतः स्वयंसेवकांना सांगून काढायला लावले." अच्युतराव अभिमानाने म्हणाले.

"आणि नावाच्या चिठ्ठ्या?"

"प्रमोदिनीबाईंनी बुटांना बांधल्या होत्या. दुसरीकडे बांधायला जागा कुठे..."

ते थांबले. फोटोकडे बघत राहिले.

"मग परत देताना कोणता बूट कोणत्या पायाचा, ते कसं ठरवलं काका?" गंधालीने अगदी मऊ आवाजात विचारलं. "हाच फोटो लावू का मोठा करून?"

अच्युतरावांनी कपाट उघडलं आणि वही पुढे सरकवली. डावे पाय तीनच होते. एक आबांचा, एक लहान मुलीचा आणि तिसरा स्वानंद नावाच्या माणसाचा, गोल बाजारात भांड्यांचं दुकान.

गोल बाजारात पितळेच्या घागरींवरून ऊन डोळ्यांत येत होतं. स्वानंदकाका गादीवर बसून पंखा हलवत होते. रुचिताने विचारायच्या आधी त्यांच्या सँडलकडे बघितलं. उजव्या सँडलला चांगला दोन बोटं जाड तळवा चिकटवलेला होता.

"काका, हा तळवा?"

"अगं, शिबिरातून पाय आणला तो उंचच वाटायला लागला. सैल बी. म्हटलं, एवढं पुण्याचं काम करून राहिले लोक, त्याईले काय नावं ठेवायची? चिंध्या कोंबल्या आत, आणि मोच्याकडून दुसरी बाजू उंच करून घेतली." ते हसले. "बायको म्हणते, या वयात तुमची उंची वाढली."

तासाभरात स्वानंदकाका ऑटोने बुढापाऱ्यात आले. दोन माणसं एकाच खाटेवर शेजारी बसली आणि पाय बदलले. आबांनी एकच मोजा घातला. पट्टा ओढला. उभे राहिले.

"बसला," ते एवढंच म्हणाले.

मग ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. आजी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिसऱ्यांदा परतताना आबांचा सदरा घामाने भिजला होता, पण ते कुठे टेकले नाहीत.

त्या संध्याकाळी रुचिताने वहीतलं 'पोलाद कधीच थकत नाही' हे शेवटचं वाक्य खोडलं. छातीवर एक छोटा तांबडा दिवा काढला आणि बाजूला लिहिलं: थकव्याचा दिवा. हा लागला की शिपायाला बसू द्यावं, आणि का थकला ते तपासावं.

"अब ये लड़ाई हारेगा," अश्विन म्हणाला.

"हारू दे," रुचिता म्हणाली. तीही फार दमली होती.

सोमवारी आबांनी ठेकेदारासमोर पूर्ण फेरी मारली. ठेकेदारच मध्ये एकदा धापा टाकत थांबला.

रविवारच्या स्पर्धेत पोलादचा तिसरा नंबर आला होता. दमणारा सैनिक काय कामाचा, असं एका परीक्षकाने विचारलं. तेव्हा मागून अच्युतराव उठले आणि सगळ्यांसमोर बुटांची हकीकत सांगितली, स्वतःचं नाव न वगळता. "म्हातारा माणूस दमलो म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं," ते म्हणाले. "या पोरांनी टेप लावून बघितला." मग त्यांनी आबांपुढे हात जोडले. आबांनी ते हात हातात घेतले आणि सोडवले.

त्यानंतर शिबिरात चिठ्ठी बुटाला नाही, पायाच्या आतून चिकटवतात. स्वानंदकाकांनी तो जाड तळव्याचा सँडल दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय आणि गिऱ्हाइकांना कथा सांगतात. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गंधाली पुण्याला वकिली शिकते, त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. अश्विन भिलाईला पॉलिटेक्निकला आहे, आणि वसतिगृहात मराठी बोलायला कोणी नाही म्हणून हल्ली फोनवर मराठीत बोलतो. प्रमोदिनीबाई गेल्या. आजीचे डोळे अधू झालेत.

आबांनी आणखी तीन वर्षं ड्यूटी केली आणि मग आपल्या मर्जीने सोडली. पोलाद गुंडाळून कपाटावर ठेवलेला आहे. रुचिता नकली हातपाय बनवायचं शिक्षण घेते. सुट्टीत घरी आली की बॅग खाली ठेवण्याआधी आबांच्या खाटेशी जाते.

"आबा, दिवा लागला का?"

"लागला पोरी," आबा आता खरं सांगतात. "ये, बस जरा."