मिक्सच्या ढिगातले उलटे खिसे

"काका, तुमच्या शेडमध्ये मेलेल्या माणसांचे कपडे येतात काय?"

हा प्रश्न मी खरंच विचारला. पैज लावली होती आचलनं आणि आमच्या दहावीच्या अख्ख्या मागच्या बाकानं. मी म्हटलं, लावा. यंदा पंधरा ऑगस्टला माईकवर भाषण ठोकलं तेव्हापासून मला कुठल्याच माणसाची भीती वाटत नाही.

माणसाची...

पुढचं एकही अक्षर मी वाढवलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं. दिवस शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. जागा कोरपना गावाच्या पुढं, जुन्या कपड्यांची शेड. आणि रात्रबित्र नव्हती. दुपारचे साडेबारा वाजले होते.

या शेडमध्ये हैदराबाद, नागपूरकडून जुन्या कपड्यांच्या गठाणी येतात. ट्रकच्या ट्रक. माझी आई तिथं कामाला आहे. बायका बटणं नि चेन कापतात, खिसे तपासतात. एखादं नाणं राहिलं तर मशीन बिघडते. मग सुती एकीकडं, पॉलिस्टर एकीकडं. दोन्ही धागे एकत्र विणलेले असले तर ते 'मिक्स'. शाळेचे युनिफॉर्म बहुतेक मिक्सच. दर सोमवारी तो ढीग मोठ्या मशीनमध्ये जातो आणि औषधाच्या पाण्यात दोन्ही धागे वेगळे होतात.

मनसारामकाका तिथले सुपरवायझर. मला वाटलं, हसतील.

ते हसले नाहीत.

"कपड्यावर थोडीच लिहून असते, पोरी," ते म्हणाले आणि शेजारी डबा उघडून बसलेल्या गोकुळाबाईकडं बघत राहिले.

गोकुळाबाई शेडमधली सगळ्यात जुनी बाई. ती म्हणाली, "सांगून टाका ना भाऊ. कमलाची पोरगी आहे. आज ना उद्या तिले समजनच."

मग दोघांनी मिळून सांगितलं. हे सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. गठाण येते तेव्हा लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. आत बोट जात नाही. पण पट्ट्या कापल्या की आतल्या युनिफॉर्मचे खिसे...

सगळे उलटे.

बाहेर लोंबणारे. जणू कोणी आधीच तपासून गेलंय. साड्या, शर्ट, जीन्स, कशालाच हात नाही. फक्त शाळेचे युनिफॉर्म.

बाकी बायकांनी तो ढीग सोडला. माझ्या आईनं मागून घेतला.

आमच्या घरी खिसे कोण उलटायचं, ते मला माहीत होतं.

नंदिनीताई.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. कपडे भिजवण्याआधी प्रत्येक खिसा झटक्यानं बाहेर काढायची. फट्. बाबांच्या खिशातून तंबाखूची पुडी निघाली की त्यांची शाळा घ्यायची. ताईला सिकलसेल होता, रक्ताचा आजार. आईनं टेलरला सांगून तिच्या शाळेच्या कुर्त्याला खास खिसा लावून घेतला होता, सिकलसेलचं कार्ड ठेवायला. रक्तगट, औषधं, सगळं त्या कार्डावर.

याच वर्षी जानेवारीत एका सकाळी माझा कुर्ता वाळला नव्हता. ताई अंग दुखतंय म्हणून घरीच होती. मी तिचा कुर्ता घातला आणि शाळेत पळाले. दुपारी तिचं दुखणं वाढलं. आईनं कार्डासाठी घरातली सगळी डबडी उपसली, मग तशीच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

संध्याकाळी मी रुमालासाठी खिशात हात घातला...

कार्ड.

ताई तोवर गेली होती.

डॉक्टर म्हणाले होते, कार्ड असतं तरी फरक पडला नसता. आईला ते पटलं नाही. 'मीच कुठी टाकलं' म्हणून ती अजून रडते. ताईचे कपडे तिनंच जुन्या कपड्यांच्या गाडीत देऊन टाकले होते. पुढं कळलं, ती गाडी या शेडवर येते. आई इथं कामाला का लागली आणि दिवसभर खिशांत काय शोधते, हे तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

मी कोणालाच सांगितलं नाही. तो एक कुर्ता माझ्याकडं राहिला आणि कार्ड कंपासमध्ये लपवलेलं. त्या शनिवारी आचलनं कंपास मागितली म्हणून घाईत ते खिशात टाकलं होतं. अंगावरच्या, ताईच्याच कुर्त्याच्या खिशात.

शेडमध्ये जेवणाची सुट्टी होती. मशीन बंद. आई बाहेर कडुनिंबाखाली बायकांत बसलेली. पैज अजून अर्धी बाकी होती, मिक्सच्या ढिगातलं एक बटण आणायचं. आचल दारातच थांबली. मी आत गेले.

ढीग माझ्या डोक्याच्या वर.

फट्...

मला वाटलं, ताडपत्री असेल.

फट्...

माझ्यासमोर एक खाकी हाफपँट पडली होती. खिसा आत होता. मी नीट पाहिलं होतं. आवाजाकडं मान वळवली, परत आणली...

खिसा बाहेर.

मग आवाज थांबले. सगळेच. बायकांचं बोलणं ऐकू येईना. रस्त्यावरचे सिमेंटचे ट्रक ऐकू येईनात. त्या रस्त्यावर ट्रक नाहीत असं कधीच होत नाही.

"ताई?"

फट्.

हा आवाज अगदी जवळून आला. मी खाली पाहिलं.

माझ्या कुर्त्याचा खिसा बाहेर लोंबत होता.

मला कोणी शिवलं नव्हतं. वारा नव्हता. कार्ड खिशात नव्हतं, जमिनीवर नव्हतं, कुठंच नव्हतं. आचल दारातून मलाच बघत होती. ती आजही सांगते, तू एकटीच होतीस.

त्या दिवसापासून शेडमध्ये एकही खिसा उलटा निघाला नाही.

मनसारामकाकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बायका पुन्हा ढिगावर बसल्या. फक्त आई घरी येऊन भिंतीला टेकून बसायची. काल रात्री जेवताना ती बाबांना हळूच म्हणाली, "आता नाई शोधत ती. थकली असंन माही पोरगी."

मी उठले, खुंटीवरचा कुर्ता आणला आणि सगळं सांगितलं. सकाळ, कार्ड, कंपास, शेड. स्टेजवर न अडखळणारी मी चारदा अडखळले. बाबांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आई मारेल.

तिनं एकच विचारलं. "तुह्याशी बोलली काय वं ती?"

"नाई आई. फक्त खिसा उलटवला."

आईनं कुर्ता मांडीवर घेतला. खिसा तसाच होता, बाहेर. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि सवयीनं आत ढकलायला लागली. मी तिचा हात धरला. ताईचं शोधणं संपलं की नाही, मला माहीत नाही. कार्ड कुठं गेलं, तेही नाही. पण पुन्हा आली तर तिला खिसा उघडाच दिसायला पाहिजे.

मी म्हटलं, "आई, बाबा, ऐका. हा कुर्ता मी शेडवर जाऊ देणार नाई. उद्या हाच घालून शाळेत जाणार. खिसा असाच बाहेर ठेवून. कोणी हसलं तर हसू द्या... विचारलं तर सांगीन, माह्या ताईनं उलटवला."