निहारच्या हातचं दही

कराडात पिसाळांच्या दुकानी नुसतं 'अर्धा किलो दही द्या' म्हणून भागत नसे. गल्ल्यावरून लगेच उलटा सवाल यायचा, "कुणाच्या हातचं?"

मागच्या फळीवर गाडग्यांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेवर पाटी, 'हात : रणजित'. दुसरीवर, 'हात : निहार'. दोन्ही पाट्यांखाली सरकारी शिक्का. बापाचा हात आणि लेकाचा हात.

ही काही दुकानदारीची टूम नव्हती. एक काळ असा आला होता की राज्यभर एकाच कारखान्यातलं विरजण जायचं आणि सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत दह्याला एकच चव लागायची. मग शास्त्रज्ञांचं लक्ष हाताकडे गेलं. माणसाच्या कातडीवर न दिसणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते, हे जुनंच ज्ञान. नवं कळलं ते असं की ही वस्ती ज्याची त्याची निराळी असते, आणि दुधात राबणाऱ्या हातांवर दूध विरजणारे जिवाणू भरपूर नांदतात. माणसाला जसं गणगोत, तसं त्याच्या कातडीचं हे गणगोत. म्हणून त्याला नाव पडलं सूक्ष्मगोत. आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या जिला हाताची चव म्हणत आल्या, तिला अखेर प्रयोगशाळेचा दाखला मिळाला. तेव्हापासून हातांची तपासणी करून परवाने मिळू लागले आणि परवानेवाल्या हाताचं दही दुप्पट भावानं खपू लागलं.

रणजित पिसाळ, म्हणजे आख्ख्या पेठेचे अप्पा, त्यांच्या दह्याला चांगला आंबटपणा होता. पण गिऱ्हाईक तुटून पडायचं ते निहारच्या दह्यावर. निहार पुण्याला नोकरीला होता. दर शनिवारी यायचा, आठवड्याच्या विरजणात हात घालायचा आणि रविवारी परत जायचा. त्याच्या दह्याला मागून एक गोडी यायची, घास गिळल्यावर.

"माझं आता लोक कढीलाच नेत्यात," अप्पा तक्रार करायचे, आणि तक्रार करताना त्यांची छाती फुगलेली असायची.

मग दिवाळीच्या तोंडावर खंबाटकीच्या उतारावर निहारच्या गाडीला अपघात झाला आणि सगळं संपलं. त्याची आई आधीच गेली होती. घरात अप्पा एकटे उरले, आणि फळीवर निहारचं गाडगं.

ते गाडगं मात्र अप्पांनी विकलं नाही. त्यातलं चमचाभर विरजण काढायचं, नवं दूध लावायचं, ते लागलं की पुन्हा चमचाभर. स्वतःचा हात लागून चव बाटू नये म्हणून हातमोजे घालून, उकळलेल्या पळीनं. सगळ्या जन्मात कधी पाळलं नव्हतं ते सोवळं ते त्या गाडग्यापुढे पाळू लागले. रोज सकाळी पळीनं काढून एक बोट चाखायचे. मागून गोडी आली की दुकान उघडायचे.

वैशाखात एक दिवस ती आली नाही. अप्पांनी पुन्हा चाखलं, तिसऱ्यांदा चाखलं. दही लागलं होतं, पण ते कुणाचंच नव्हतं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. शेजारपाजारचे विचारायला आले, तर अप्पा ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला हातांच्या तपासणी केंद्रात गेले. तिथल्या डॉ. अन्विता शिरगावकर निहारला ओळखत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन एक फोन केला आणि परत येऊन बसल्या.

"अप्पा, हाताच्या वस्तीला पुन्हा पुन्हा हातच लागतो. धनी गेला की ती परक्या जिवाणूंपुढे टिकत नाही. आणि माणूस गेल्यावर त्याचा नमुना आम्हाला कायद्यानं ठेवता येत नाही."

"म्हंजे काहीच न्हाई?"

"आहे. पण ते बाटलीत नाही. ते एका माणसाच्या अंगावर आहे." त्यांनी पडद्यावर दोन रंगीत नकाशे उघडले. "परवाना देताना आम्ही एका घरात राहणाऱ्यांचीही तपासणी करतो. कारण सूक्ष्मगोत एकमेकांत मिसळतं. हा निहार. आणि हा त्याच्यासोबत राहणारा, ओजस बनकर."

"त्याचा रूमपार्टनर. ठावं हाय की मला. मातीला आला होता. लांब उभा होता, फाटकापाशी."

"अप्पा, एका खोलीत राहणाऱ्यांचे तळपाय जुळतात, कारण फरशी एक असते. नाकातलं थोडं जुळतं, हवा एक असते म्हणून." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "मी ओजसला विचारून तुमच्याशी बोलतेय. तो म्हणाला, तुम्हीच सांगा, माझा धीर होत नाही. या दोघांचं सगळंच जुळतं. हात, मान, ओठ. अशी जुळणी आम्हाला नवरा-बायकोत दिसते. तीही ज्यांचं मनापासून पटतं त्यांच्यातच."

अप्पा बराच वेळ त्या दोन नकाशांकडे बघत राहिले. एकाचा रंग कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

"कधीपास्नं?"

"सात वर्षं. निहारचे त्याआधीचेही नमुने तपासले होते, त्यांत हे नव्हतं. तुम्ही ज्याला निहारची चव म्हणता ना अप्पा, ती सात वर्षं दोघांची आहे."

अप्पांना एकदम म्हैस आठवली. सात वर्षांपूर्वीच निहारच्या दह्याला ती मागची गोडी आली होती. त्याच सुमारास अप्पांनी एक मुऱ्हा म्हैस विकत घेतली होती. गोडीचं सगळं श्रेय त्यांनी तिला देऊन टाकलं. पेठेत ज्याला त्याला थांबवून ते तिचं कौतुक सांगत. दसऱ्याला तिला हार घातला. निहार शेजारी उभा राहून हसत होता.

"म्हशीला हार घातला वो मी," ते डॉक्टरांना म्हणाले.

बाहेरचं जग तर कधीच बदललं होतं. अशी लग्नं रीतसर होत. एका लग्नात तर अप्पांनीच मठ्ठा पुरवला होता. घरी येऊन त्यांनी नवरदेवांवर दोन विनोदही केले होते, सहज, जेवता जेवता. तेव्हाही निहार हसला होता. परतीच्या एसटीत अप्पांना ते हसू आठवत राहिलं. राग निहारचा येत नव्हता. आपल्याच ताटात सात वर्षं वाढलेलं आपल्याला ओळखता आलं नाही, याचा येत होता.

महिनाभर त्यांनी काही केलं नाही. मग एका गुरुवारी फोन उचलला. "ओजस, अप्पा बोलतोय. शनिवारी ये. दूध तापवून ठेवतो."

ओजस आला. तिशीचा, सडसडीत, कायम माफी मागितल्यासारखा उभा राहणारा. कडक उन्हाळ्यात त्याच्या हातांत पातळ सुती मोजे होते.

"हे काय रं?"

"डॉक्टर म्हणाल्या, हे हळूहळू पुसलं जाणार. जितक्या लोकांना हात लागेल, तितकं लवकर." त्यानं मान खाली घातली. "म्हणून मी कुणाशी हात मिळवत नाही. मित्र मिठी मारायला आले तर मागे सरतो. जितके दिवस राहील तितके दिवस राहू दे."

खरं सांगायचं तर अप्पांना ते ऐकून बरं वाटलं. पोरगं गुणाचं आहे, असंच त्यांच्या मनात आलं.

दूध कोमट झालं. ओजसनं मोजे काढले आणि हात आत घातला. नुसत्या हातावर पहिलं दही लागायला वेळ लागतो, म्हणून तो दोन रात्री राहिला, निहारच्या खोलीत. जेवताना अप्पांनी विचारलं, "मला का न्हाई सांगितलं त्यानं? मी काय मारला असता का त्याला?"

"नाही. तो म्हणायचा, अप्पा ओरडणार नाहीत, गप्प बसतील. आणि अप्पा गप्प बसलेले मला बघवणार नाहीत."

अप्पांनी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणाले, "खा. वाळलायस नुसता."

सोमवारी सकाळी गाडग्यावरचं फडकं काढून अप्पांनी बोट चाखलं. घास गिळला, आणि मागून निहार आला. दह्याचं बोट तोंडात तसंच ठेवून ते भिंतीला टेकले.

त्यानंतर ओजस दर शनिवारी येऊ लागला. 'हात : निहार' ही पाटी पुन्हा खरी झाली. ओजस त्यांना अप्पा म्हणू लागला, हिशेबात चुका काढू लागला, त्यांनी लपवून ठेवलेलं गुडघ्याचं औषध शोधून काढू लागला. विचारणाऱ्याला अप्पा सांगत, "निहारचा जोडीदार." पहिल्यांदा जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाही.

एका शनिवारी दुकानात एक बाई दीडदोन वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. पोर खेळकर होती. तिनं गल्ल्यावरून ओजसकडे दोन्ही हात पसरले. ओजस झटक्यानं मागे सरला आणि त्यानं मोज्यांतले हात पाठीशी लपवले. पोरीचा चेहरा पडला. त्याहून जास्त ओजसचा पडला.

अप्पांनी ते पाहिलं. बाई गेल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं.

"आमच्या घरात एक पणजी होती," ते म्हणाले. "सोळाव्या वर्षी नवरा गेला. म्हातारी होऊन मरेपर्यंत अशीच अंग चोरून जगली, नवऱ्याच्या नावानं. घरानं तिला लई मान दिला. माणूस म्हणून काही दिलं न्हाई. मी तुला तेच करतोय."

"तुम्ही नाही अप्पा, मीच..."

"तू करतोयस न् मी चवीनं खातोय. काढ ते मोजे."

"तो जाईल अप्पा."

"जाईल." अप्पांनी पुढे होऊन ते मोजे स्वतःच ओढून काढले आणि ओजसचे उघडे हात आपल्या दोन्ही हातांत धरले, घट्ट, जसे निहारचे त्यांनी मोठेपणी कधी धरले नव्हते. "जाऊ दे. एक पोरगं गेलं माझं. दुसऱ्याला त्याचं गाडगं करून फळीवर न्हाई ठेवायचं मला."

त्या दिवसापासून चव उतरू लागली. दर सोमवारी अप्पांना कळायचं, आज एवढा गेला. ते ओजसला काही सांगत नसत. पुण्यातल्या मित्रांकडे जातोस का, एवढं मात्र न चुकता विचारत. गिऱ्हाइकांना फरक कळत नव्हता. तो कळायला बापाचीच जीभ लागते.

पुढच्या उन्हाळ्यात एका सोमवारी अप्पांनी बोट चाखलं आणि ते चपापले. मागे काहीतरी नवं होतं. आवळा खाल्ल्यावर पाणी पिताना लागतं तसलं, कोवळं, अनोळखी. ही चव ना ओजसची, ना अप्पांची, ना निहारची. पण असं अचानक काहीतरी येणं त्यांच्या ओळखीचं होतं. मागच्या खेपेला त्यांनी म्हशीला हार घातला होता.

त्यांनी फोन लावला. "ओजस, नवी म्हैस घेतली का रं कुणी?"

म्हशीची गोष्ट ओजसला पाठ होती. "अप्पा, मी सांगणारच होतो. भीती वाटत होती की तुम्ही..."

"गप्प बसीन? बघ, बोलतोय की. नाव काय त्याचं?"

"समीर," ओजस म्हणाला आणि रडायला लागला.

"रडतोस काय? शनिवारी त्याला घेऊन ये. ताक पितो का विचार."

फोन ठेवल्यावर अप्पांनी गाडग्यातलं आणखी एक बोट चाखलं. डोळे मिटून, जिभेवर सावकाश फिरवत, निहार कुठे लागतो का ते बघितलं. मग स्टूल घेतलं, निहारची पाटी उतरवली आणि खडूनं दुसरी लिहिली, 'हात : ओजस'.

दुकान उघडलं तेव्हा नेहमीचे गुरुजी डबा घेऊन उभेच होते. त्यांनी पाटी वाचली नाही. "अप्पा, निहारच्या हातचं आहे ना?"

"संपलं," अप्पा म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मग त्यांनी नव्या गाडग्यातलं चमचाभर दही गुरुजींच्या तळहातावर ठेवलं. "हे घरच्याच पोराचं हाय. खाऊन बघा."