मुरती चौकट

सिंधूमावशींच्या फोनवर होतं तसं स्वयंपाकाचं ॲप जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. म्हणजे ॲप सगळ्यांकडेच होतं हो, पण असं दिसणारं नव्हतं. ‘पुढचं सांग’ हे बटण चांगलं पुरीएवढं, तेही डाव्या कोपऱ्यात, कारण मावशींचा उजवा हात कायम पिठात. मीठ घातलं की दाबायचं बटण तर लालभडक.

ते असं कुणी केलं? कुणीच नाही! मावशींची भाची उज्ज्वला नाशिकच्या एका कंपनीत ॲप बनवायची. पूर्वी तिच्यासारखी माणसं प्रत्येक बटणाची जागा ठरवायची, रंगावरून भांडायची. मग मुरती चौकट आली. चौकट म्हणजे तयार सांगाडा, ज्यावर ॲप उभं राहतं. ही चौकट वर्षानुवर्षं लोणच्यासारखी मुरायची. बोट जिथे अडखळेल तिथली वाट ती सोपी करायची. आणि एकदा शिकलेलं त्या बोटासोबत दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये, दुसऱ्या कुणाच्याही पडद्यावर जायचं. लोक खूश होते. का नसावेत?

त्या दिवशी मावशींकडे शेजारच्या अबोलीचं केळवण होतं. चौकटीची नवी आवृत्ती यायची होती आणि त्याआधी ॲप एकदा कोरं करून, म्हणजे शिकलेलं सगळं तात्पुरतं बाजूला काढून बघायचं, ही उज्ज्वलाच्या धंद्यातली रीत. तिनं मावशींच्या फोनवरचं ॲप कोरं केलं, बघितलं, आणि पाहुण्यांच्या गडबडीत पूर्ववत करायला विसरली. पंगत बसली. आमटीचा पहिला घास अबोलीनं बिचारीनं डोळे मिटून गिळला.

“मावशी, मीठ किती वेळा घातलंस?” उज्ज्वलानं स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

“एकदाच की. म्हणजे... घातलं का गं मी?”

उज्ज्वलानं ॲप पूर्ववत केलं आणि त्यावरचं पहिल्यांदाच नीट वाचलं. ‘मीठ झालंय, आता नको.’ ‘मागचा गॅस बंद केलास?’ ‘आज अबोली जेवायला आहे, शेजारची.’

“हे असं कधीपासून विचारतंय?”

“कोण जाणे! गुणी आहे हो. ओरडत नाही, की चारचौघांत चूक काढत नाही.”

“मावशी, तू विसरायला लागली आहेस. आणि याच्यामुळे आम्हाला पत्ताच नाही.”

“त्याला कळलं होतं होय?”

“छे गं! त्याला आजार-बिजार काही कळत नाही. बोट थांबलं की मदत करायची, एवढंच कळतं. तू थांबत गेलीस, ते मदत वाढवत गेलं.”

“मग चांगलंच की! मी मजेत आहे, लोक बोटं चाटून जेवतात. तुझं काय बिघडतंय?”

“आत्ता औषध सुरू झालं तर हे विसरणं इथेच थांबेल. उशीर झाला तर तू मलाही विसरशील.” उज्ज्वलाला रडूच आलं.

मावशींनी पदराला हात पुसले. “बरं बाई, जाऊ डॉक्टरांकडे. पण आमटीचं सांगू नकोस हं त्यांना.”

डॉक्टर पाटणकरांनी टॅबवर चाचणी लावून दिली. मावशींनी घड्याळाचे काटे जुळवले, शब्द ओळखले, चित्रं सांगितली. एकही चूक नाही.

“वा! ठणठणीत आहे स्मरणशक्ती,” डॉक्टर म्हणाले. “औषधाची काही गरज नाही.”

मावशींचा चेहरा फुलला. उज्ज्वला मात्र पडद्याकडे बघत होती. बरोबर उत्तराचं बटण चांगलं पुरीएवढं होतं, डाव्या कोपऱ्यात.

“डॉक्टर, हेही मुरत्या चौकटीवरच बनलंय. ते हिला मदत करतंय. तुम्ही चाचणी कागदावर घ्या ना, प्लीज.”

“अहो, त्यात काय! इतकी वर्षं कागदावरच घेत होतो. तोंडपाठ आहेत मला सगळे प्रश्न.”

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला, पेन उघडलं, वर ‘१’ असा आकडा घातला. पेन तिथेच थांबलं. ते थोडंसं हसले, कपाळ चोळलं. मग सवयीनं त्यांचं बोट टॅबकडे गेलं.

मावशी त्यांच्याकडे मोठ्या मायेनं बघत होत्या.

“लाजू नका हो,” त्या म्हणाल्या. “तो टॅब सांगेल तुम्हाला.”